अमृतरावांच्या घरचा लाडू

परतीच्या विमानात कोणी कुठं बसायचं हे कंपनीच्या कॉम्प्युटरनं ठरवलं, आणि त्या कॉम्प्युटरला या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यानं रामलिंगआबांना मनस्विनीच्या शेजारी बसवलं नसतं, आणि सुदर्शनला सरजाबाईच्या तावडीत तर मुळीच दिलं नसतं. जागा निवडायची तर वरती वेगळे पैसे पडतात, म्हणून सुदर्शननं तिकिटं काढताना त्या भानगडीत पडायचंच टाळलं होतं. "तासाभराचा तर प्रवास, कुठंही बसलं तरी नांदेडलाच उतरायचंय," असं तो बायकोला ऐटीत म्हणाला होता. आता हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर हातातले पास पुन्हा पुन्हा चाळताना त्याची ऐट कुठल्या कुठं गेली होती.

उज्वलाला सगळ्यात मागची रांग मिळाली. शेजारी कानात बोंडं घातलेला एक पोरगा होता, तो पट्टा लावता लावताच झोपला. उज्वलाला ते बरं वाटलं. विमान छोटंच होतं, दोन्हीकडं दोन-दोन खुर्च्या आणि मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. मागून तिला सगळी डोकी दिसत होती. पुढं थोरल्या दिरांचा पांढरा फेटा आणि त्याला लागून लेकीचे मोकळे केस. मधल्या रांगेत नणंदेचा डोईवरचा पदर, आणि त्या पदरापासून होता होईल तेवढं खिडकीकडं सरकलेलं नवऱ्याचं टक्कल.

विहीणबाई. दुपारपासून हा एकच शब्द तिच्या डोक्यात घोळत होता. मुलाच्या आईनं, जगदेवीबाईंनी, तशी हाक मारली तेव्हा ती क्षणभर सुखावली होती, आणि आता त्याचीच तिला लाज वाटत होती.

घडलं ते असं. मनस्विनी ही सुदर्शन आणि उज्वलाची एकुलती एक. लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. गेल्या वर्षी नोकरी सोडून तिनं दोन मैत्रिणींबरोबर स्वतःचा क्लास काढला होता आणि तिची पहिली बॅच या मे महिन्यात परीक्षेला बसणार होती. गंधारचं स्थळ मूळचं देगलूरकडचं, आता हैदराबादेत स्थायिक. दिवाळीत मुलाकडचे लातूरला येऊन मुलगी बघून गेले होते. आता मुलीकडच्यांनी घर बघायला जायचं होतं. थोरले रामलिंगआबा, भावंडांचे आण्णा, बिलोलीहून, त्यांच्याही वरच्या सरजाबाई धर्माबादहून आल्या, आणि सकाळच्या विमानानं जाऊन संध्याकाळच्या विमानानं परत यायचं ठरलं.

या घराण्यात एक रीत आहे, आणि देगलूरकडंही तीच आहे. घर बघायला गेल्यावर चहा-पाणी घ्यायचं, त्यापुढं कशाला हात लावायचा नाही. घरातल्या थोरल्या पुरुषानं मुलाकडचं गोड तोंडात घातलं की सोयरीक पक्की झाली. वेगळं 'हो' म्हणायची गरज उरत नाही. म्हणून घर बघायला जाताना आपली शिदोरी आपण न्यायची. सरजाबाईंनी ती घेतलीही होती, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचं लोणचं, आणि शुभकामाला निघालोय म्हणून खोबऱ्याच्या वाट्या. नांदेडच्या विमानतळावर तपासणीत पिशवी अडली.

"मावशी, खोबरं विमानात चालत नाही. पेट घेतं," तिथली मुलगी म्हणाली.

"खोबरं पेट घेतं? मंग माझ्या फडताळात आजवर कामून न्हाई पेटलं?"

"आणि लोणचंही काढावं लागेल. दशम्या न्या तुम्ही."

"शिदोरी अशी वाटून काढत न्हाईत बाई. घ्यायची तर समदी घ्या." आणि तपासणीवाल्यांनी काही म्हणायच्या आत सरजाबाईंनी गाडी घेऊन आलेल्या संगप्पाला फोन लावला, दारापर्यंत माघारी जाऊन अख्खी पिशवी त्याच्या हवाली केली आणि ताठ मानेनं परत आल्या. संगप्पा दशम्या खात बिलोलीला गेला.

विमानात सँडविच विकायला आलं, तेव्हा आबांनी त्याची किंमत ऐकून डोळे मिटून घेतले. मधुमेहाची गोळी मात्र त्यांनी पहाटेच घेतली होती. हैदराबादेत उतरून, गर्दीतून वाट काढत कुकटपल्लीला पोचेपर्यंत दुपार झाली, आणि गंधारच्या वडिलांच्या, अमृतरावांच्या, बैठकीच्या खोलीत टेकल्या टेकल्या आबांच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. उज्वलाच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. "भाऊजी, थांबा, चहात जास्तीची साखर घालून आणते," असं त्यांच्या कानाशी सांगून ती आत गेली. कप घेऊन बाहेर आली तोवर आबांच्या तोंडात बेसनाचा लाडू होता, आणि ताटली हातात घेऊन सुदर्शन शेजारी उभा होता. मनस्विनी त्या वेळी गॅलरीत गंधारशी बोलत होती.

पुढं सगळं भराभर झालं. जगदेवीबाई हळदीकुंकू घेऊन बाहेर आल्या, "या विहीणबाई" म्हणाल्या, गॅलरीतून आत आलेल्या मनस्विनीला पाटावर बसवून तिची ओटी भरली. अमृतरावांनी आबांना कडकडून मिठी मारली. "नांदेडला विमान उतरलं की मी फोन करतो रामलिंगराव. तुम्ही सुखरूप पोचलात म्हणजे मी देगलूरला भावकीत कळवतो. शनिवारी शाल-नारळ उरकून घेऊ."

परतीच्या टॅक्सीत मनस्विनी एवढंच म्हणाली, "मला कोणी विचारलं नाही. मला हे लग्न करायचं नाहीय."

"खाल्लं ते खाल्लं," आबा पुढच्या सीटवरून मागं न बघता म्हणाले. "ते गोड न्हाई, शब्द हाय. रामलिंगाचा शब्द माघारी येत नसतो."

विमानतळावरच्या तपासणीत ओटीतला नारळ काढून घेतला. रांगेत उज्वला लेकीजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आबांशी तूच बोल. मी मध्ये बोलले तर ते माझ्यावर चिडतील आणि तुझं राहून जाईल. पण तू जे ठरवशील त्याच्या मागं मी आहे, हे धरून चाल." मनस्विनीनं मान डोलावली.

दारं लागली. फोन बंद करा असं सांगून झालं. नांदेडला चाकं टेकेपर्यंत अमृतरावांचा फोन येणार नव्हता, आणि चाकं टेकताच तो येणार होता. तेवढाच वेळ होता.

*

"तू जाणूनबुजून केलंस," सरजाबाई म्हणाल्या.

विमान अजून वर चढत होतं. सुदर्शननं खिडकीबाहेर बघायचं सोंग घेतलं.

"काय जाणूनबुजून, आक्का?"

"लाडू. मी समोरच्या खुर्चीवर होते, आंधळी न्हाई झाले अजून. उज्वला चहा आणायला आत गेली, अन् तू टेबलावरची ताटली उचलून आण्णाच्या नाकापुढं धरलीस. चहात साखर चालली असती. तुला ठाऊक हाय."

"त्याला चक्कर येत होती."

"चक्कर येणाऱ्याला पाणी देतेत, पाठीवर हात ठेवतेत. ताटली दोन्ही हातांनी धरून, वाकून, असं न्हाई उभं राहत. असं नैवेद्य दाखवताना उभं राहतेत."

सुदर्शनला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. आयुष्यभर तो ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत आला. वर्गात त्याला कोणी आजवर पकडलं नव्हतं, आणि चौथी शिकलेली बहीण त्याला लहानपणापासून दर वेळी पकडत आली होती.

"मी थकलोय आक्का," तो म्हणाला. "किती स्थळं झाली. ती प्रत्येकाला काहीतरी विचारते आणि नाही म्हणते. हा पोरगा चांगला आहे, तूच सांग, आहे का नाही? निर्व्यसनी आहे. बोलतो नीट. आण्णाला विचारलं असतं तर तो चार खुसपटं काढून बसला असता, तिला विचारलं असतं तर ती क्लास क्लास करत बसली असती. मला वाटलं, एकदा होऊन जाऊ दे. नंतर सगळे राजी होतात. आपल्या घरात कोण राजी नाही झालं?"

"मी न्हाई झाले," सरजाबाई म्हणाल्या.

सुदर्शननं वळून बघितलं. आक्काच्या यजमानांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. धर्माबादला मिरचीचं दुकान, चार लेकरं, भरलेलं घर. बहिणीचा संसार चांगलाच झाला, असंच तो धरून चालला होता.

"माझ्या वक्ताला बाबांनी पेढा खाल्ला होता," सरजाबाई म्हणाल्या. "मला नंतर कळलं. नांदले, लेकरं झाली, दुकान बी मीच वाढवलं. पण राजी झाले का, असं मला कुणीच इचारलं न्हाई, म्हणून मी बी कुणाला सांगितलं न्हाई. आज तू इचारलंस म्हणून सांगून राहिले. न्हाई झाले."

हे त्या रडत सांगत नव्हत्या. मिरचीचा भाव सांगावा तशा सरळ आवाजात सांगत होत्या. लेकीच्या बाजूनं कोणी भांडलं असतं तर त्यानं उत्तर दिलं असतं. त्याची सगळी उत्तरं तयार होती.

"आता काय करू?" त्यानं विचारलं.

"आण्णाला वाटतंय, आपल्याकडून चूक झाली. इज्जतीचं मोठं ओझं घेऊन बसलाय तो तिथं पुढं. जा अन् त्याला सांग, की ताटली तू धरलीस."

"आत्ता?"

"मंग काय नांदेडला उतरल्यावर, बँड लावून सांगतोस? तू सांग, न्हाईतर मी उठते. मी उठले तर समद्या विमानाला ऐकू जाईल."

*

रामलिंगआबांनी सकाळी पहिल्यांदा विमानात पाऊल ठेवलं तेव्हा त्यांना कौतुक वाटलं होतं. आता त्यांना खाली उतरायचं होतं. शेजारी पुतणी ओटीतले तांदूळ बांधलेला खण मांडीवर घेऊन बसली होती, कारण तो कोणीच आपल्या पिशवीत घ्यायला तयार नव्हतं.

तिचं रडणं, चिडणं, अबोला, कशालाही तोंड द्यायची आबांची तयारी होती. बिलोली तालुक्यात सोयरिकीची अशी बैठक होत नाही जिथं रामलिंगला बोलावणं नसतं. रुसलेल्या विहिणी, फुगलेले जावई, भर मांडवातून उठलेले मामे, सगळ्यांना त्यांनी खाली बसवलं होतं.

"आबा, तुम्ही रागावला नसाल तर मला बैठकीतलं काही विचारायचंय," मनस्विनी म्हणाली.

हे आबांना अपेक्षित नव्हतं.

"इचार."

"तुम्ही दुसऱ्याच्या मुलीची सोयरीक जमवायला बसता तेव्हा मुलाकडच्यांना काय काय विचारता?"

"लई काही न्हाई. तीन गोष्टी. पोरगी नांदंल कुठं. तिच्या हातात जे काम हाय त्याचं काय. अन् घरात शब्द कुणाचा चालतो. बाकी जमीन-जुमला, शिक्षण समदं दिसतंच हाय, ते इचारायचं नसतं."

"आज विचारलंत?"

आज आबांनी काहीच विचारलं नव्हतं. खोलीत शिरल्यापासून त्यांना समोरच्या टेबलावरच्या ताटलीशिवाय काही दिसलं नव्हतं.

"मी विचारलं," मनस्विनी म्हणाली. "गॅलरीत. पहिलं विचारलं, तुला लातूर किंवा नांदेडला राहून काम करता येईल का. तो म्हणाला, कंपनी रोज ऑफिसला बोलावते, हैदराबाद सुटणार नाही. ठीक आहे, खरं बोलला. दुसरं विचारलं, मे महिन्यापर्यंत बॅच आहे, पुढं वर्षभर मी आठवड्याला ये-जा करून क्लास चालवला तर? आता विमान झालंय, तासात येता येतं. तो म्हणाला, मला चालेल, पण आईशी बोलावं लागेल. लग्नानंतर पहिलं वर्ष सुनेनं घरात असावं असं तिचं म्हणणं आहे."

"बरं. मंग?"

"मग मी तिसरं विचारलं. आईशी कोण बोलणार, तू का मी?"

आबा खुर्चीत सावरून बसले. हा प्रश्न त्यांनी स्वतः उमेदीच्या काळात कुठल्याशा बैठकीत टाकला होता आणि मुलाकडच्या सगळ्या पंचांना घाम फोडला होता.

"काय म्हणला?"

"म्हणाला, 'तूच बोल ना, तुला छान बोलता येतं.'"

आबांना हसू फुटलं. आवरायचा प्रयत्न करूनही आवरेना, फेटा हलायला लागला. पुढच्या रांगेतल्या बाईनं मागं वळून बघितलं.

"पोरगं वाईट न्हाई," हसू ओसरल्यावर ते म्हणाले.

"अजिबात वाईट नाही. मला आवडलाही. पण आबा, तो माझ्यासाठी आईपुढं उभा राहणार नाही आणि मी त्याच्यासाठी क्लास सोडणार नाही. हे आज दोघांनाही कळलं. मी आत येऊन तेच सांगणार होते, तर माझी ओटी भरायला पाट मांडला होता."

आबांनी तिन्ही प्रश्न मनाशी पुन्हा मोजले. बैठकीत आपण जे विचारतो ते सगळं या पोरीनं गॅलरीत उभ्या उभ्या विचारून घेतलं होतं, आपल्याहून नेटकं. आपण मात्र तिचा थोरला म्हणून गेलो आणि ताटलीवर नजर ठेवून बसलो. या अटींवर त्यांनी भावकीतल्या कुणाच्याही मुलीची सोयरीक जमवली नसती, उठून चपला घातल्या असत्या. त्यांना पोरीचा विलक्षण अभिमान वाटला आणि स्वतःचा तेवढाच राग आला.

"आता तुला एक खरं सांगतो," ते म्हणाले. "तुझ्या आईनं माझ्या कानात सांगितलं होतं की चहा आणून राहिले, थांबा. मी ऐकलं होतं. तरी बी खाल्ला."

"का?"

"भूक लागली होती." आबांनी हे असं सांगितलं की मनस्विनीला त्यांच्याकडं बघवेना. "तुपातला होता. वास आला. मला वाटलं, शब्द, इज्जत, मोठमोठं काही असतंय. काही न्हाई बाळ. मला भूक लागली होती अन् हात गेला."

तेवढ्यात वाटेत कोणीतरी येऊन उभं राहिलं. सुदर्शन होता. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांना धरून, वर्गात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मास्तरासारखा.

"आण्णा, मला तुला सांगायचंय. तो लाडू..."

"सर, पट्ट्याचा दिवा लागलाय, आपण खाली उतरतोय, कृपया जागेवर बसा," हवाई सुंदरी मागून म्हणाली.

"एक मिनिट. आण्णा, ताटली मी मुद्दाम धरली. चक्कर आली म्हणून नाही. सोयरीक व्हावी म्हणून. मनू, तुझ्याही पुढं सांगतो, मी मुद्दाम केलं."

मनस्विनीचा चेहरा उतरला. तिला वाटलं होतं, हे आबांच्या तब्येतीमुळं झालं, गडबडीत झालं. पप्पांनी केलं असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"पप्पा, मला सांगायचं तरी," ती म्हणाली. "मी तुमच्याशी भांडले असते. पण भांडायला तरी मिळालं असतं."

"सर, प्लीज."

"जा, बस," आबा भावाला म्हणाले. "ताटली तू धरलीस, हात माझा गेला. दोघांचं बरोबरीत हाय. जा, ती पोरगी बेजार झालीय."

सुदर्शन परत गेला. विमान कललं, खिडकीत गोदावरीचा पट्टा आला आणि त्यावर मावळतीचं ऊन. आबांचं तिकडं लक्ष नव्हतं.

शब्द मागं घ्यायलाही रीत आहे. फोन करून घेता येत नाही, माणूस पाठवून घेता येत नाही. ज्याच्या तोंडात गोड गेलं त्यानंच त्या उंबऱ्यावर जायचं, नारळ ठेवायचा, आणि आमच्याकडून होत नाही म्हणून हात जोडायचे. समोरच्यानं चार शब्द सुनावले तर ऐकून घ्यायचे. आबांनी आयुष्यात हे एकदाच बघितलं होतं. शेजारच्या गावचा दगडोबा असाच लाडू परत करायला आला होता, भर दुपारी, सगळा पार भरलेला असताना. दगडोबा चांगला मोठ्या खटल्याचा, भरल्या घरचा माणूस. त्यानंतर लोकांनी त्याला कुठल्या बैठकीला बोलावलं नाही. मरेपर्यंत त्याच्या नावामागं तो लाडू राहिला.

आपल्यालाही बोलावणार नाहीत. आबांना हे लख्ख कळत होतं. त्यांना जमिनीचं नव्हतं एवढं बैठकीचं वेड होतं. सकाळी अंघोळ करून फेटा बांधायचा तो कोणाचं तरी बोलावणं येईल म्हणून. त्यांनी पुतणीकडं बघितलं. ती डोळे मिटून बसली होती, पण पापण्या हलत होत्या.

"तुझ्या क्लासात पोरं किती हायेत गं?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ. खोली पुरत नाही."

"समदी तुझं ऐकतेत?"

"ऐकतात आबा. नाही ऐकलं तर मी तुमच्यासारखी बघते."

चाकं टेकली.

*

विमान अजून पळतच होतं तेव्हा आबांनी खिशातला फोन चालू केला, आणि तो लगेच वाजला. मनस्विनीनं नाव वाचलं. उतरायच्या घाईत लोक वाटेत उभे राहिले होते, बॅगा खाली ओढत होते. आबांनी फोन कानाला लावला. बाकीच्यांसारखं ते उभे राहिले नाहीत.

"पोचलो अमृतराव. हाव, सुखरूप. ऐका. देगलूरला कुणाला काही कळवू नका. न्हाई, तब्येत ठीक हाय. उद्या सकाळच्या विमानानं मी तुमच्याकडं येऊन राहिलो. फोनवर सांगायचं न्हाई ते. उंबऱ्यावर येऊन सांगायचं हाय."

अमृतराव देगलूरचे होते, त्यांना रीत सांगावी लागत नव्हती. मग पलीकडून एकच शब्द आला आणि आबांनी फोन खाली घेतला.

"काय म्हणाले?"

"या म्हणले." आबांचा चेहरा दमला होता, पण आवाज बैठकीतला होता. "माणूस भला हाय. शिव्या देईल, पण पाणी देईल."

नांदेडचं विमानतळ ते केवढं. पाच जण पायऱ्या उतरून चालत दारापाशी एकत्र आले. सकाळी निघताना एकमेकांच्या बॅगा उचलत, हसत निघालेली ही माणसं आता एकमेकांकडं बघायचं टाळत उभी होती. सरजाबाईंनी पदर सारखा केला. उज्वला लेकीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली, आणि या वेळी कोणाला दिसू नये म्हणून अंतर ठेवलं नाही.

"सुदर्शन," आबा म्हणाले, "उद्या सकाळच्या विमानाची दोन तिकिटं काढ. जाऊन संध्याकाळी माघारी."

"आण्णा, नको. मी एकटा जातो. चूक माझी आहे, मी सांगतो त्यांना. तू गेलास तर..." दगडोबाची गोष्ट सुदर्शनलाही ठाऊक होती.

"गोड माझ्या तोंडात गेलंय. तू एकटा गेलास तर अमृतराव तुला दारात उभा करणार न्हाई. तू माझ्यासंगं यायचंस. ताटली धरताना होतास ना? आता बी राहा."

सुदर्शननं खाली मान घालून फोन काढला.

"पप्पा, दोन नाही, तीन काढा," मनस्विनी म्हणाली.

"तुझं काय काम तिथं?" आबा चकित झाले. "पोरी असल्या वक्ताला जात नसतेत. शब्द माझा गेलाय, मी माघारी घेतो. तुझ्यावर एक बोट उठू देणार न्हाई मी."

"शब्द तुमचा गेलाय आबा, तो तुम्ही परत घ्या. पण नकार माझा आहे. गंधारनं मला खरं खरं सांगितलं, लपवलं नाही काही. त्याला माझा निरोप तुमच्याकडून का जावा? मी त्याच्यासमोर बसून सांगेन. आणि त्याच्या आईशीही मीच बोलेन. जगदेवीबाईंनी माझी ओटी भरली, चांगल्या मनानं भरली. त्यांना वाटायला नको की मला तोंड नव्हतं."

"त्या काही बोलल्या तर?" उज्वलानं विचारलं.

"बोलू देत आई. ऐकेन."

बाहेर संगप्पा गाडी घेऊन आला होता आणि लांबून हात करत होता. कोणी हललं नाही. सरजाबाईंनी भाचीकडं बघितलं, मग रामलिंगआबांकडं. आपल्या भावाला कोणी असं विचारात पाडलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

आबांनी फेटा काढला, हातानं झटकला, पुन्हा नीट डोक्यावर ठेवला.

"तीन काढ," ते सुदर्शनला म्हणाले. "बोलायचं ते ही बोलंल. मी निसता संगं उभा राहतो."